उवामुक्त दुसरी ब

शिक्रापुरातल्या माझ्या लेकीच्या, साईच्या शाळेने यंदा ‘उवामुक्त वर्ग’ अभियान हाती घेतलं. फॉर्मात एकच प्रश्न होता : पाल्याच्या डोक्यात उवा अथवा लिखा आहेत काय? मी शिकलेली बाई. आदल्याच दिवशी साईच्या कानामागे दोन लिखा दिसल्या होत्या. मी ‘हो’वर खूण केली.

दुसरी ‘ब’च्या एक्केचाळीस फॉर्मांत तेवढाच एक ‘हो’ निघाला. साईला खिडकीजवळ स्वतंत्र बाक मिळाला आणि स्नेहसंमेलनाच्या नाचातून तिचं नाव वगळण्यात आलं.

मी कामाला लागले. ओल्या केसांना कंडिशनर लावून दर तिसऱ्या दिवशी बारीक फणी, एकेक बट धरून. डॉक्टरांचं औषध नवव्या दिवशी पुन्हा, कारण लिखेतून ऊ निघायला आठवडा लागतो. शाळेतल्या मावशी सिंधूबाई म्हणाल्या, “रॉकेल चोळा की.”

“मावशी, ऊ मारायचीय, पोरगी नाही.”

तिसऱ्या आठवड्यात डोकं स्वच्छ झालं. मी वर्गशिक्षिका प्रतिभा मॅडमना गाठलं. “आता तपासून बघा.”

“तपासणी अभियानात बसत नाही हो. आपल्याला फक्त माहिती भरायचीय.” बोलताना मॅडम पेनाच्या टोपणाने अंबाडा खाजवत होत्या. “पुढच्या फॉर्मवर ‘नाही’ लिहा, झालं.”

बाहेर सिंधूबाई कुजबुजल्या, “वर्गात बसा बाई घटकाभर. समदी पोरं खाजवत्यात. तुमचीच तेवढी गप बसतीया.”

पुढच्या फॉर्मवर मी खरोखरचं ‘नाही’ लिहिलं. साई नाचात परतली. वर्गाला उवामुक्तीचा फलक मिळाला आणि त्याच्यासोबत सगळ्या मुलांचा, डोक्याला डोकं लावून, फोटो निघाला.

आठवड्यात साई खाजवू लागली. शुक्रवारी तिसरा फॉर्म आला, शनिवारी संमेलन. मी पेन उघडलं तशी साई जवळ येऊन हळूच म्हणाली, “मम्मी, ह्या वेळी नीट भर.”

मी नीट भरला.

साई छान नाचली. पालकांच्या टाळ्या मात्र मधूनमधून थांबत होत्या. हात दुसरीकडे गुंतलेले होते.

तुमच्या मुलांच्या शाळेतही असा फॉर्म आला असेल. तुम्ही काय लिहिलंत, विचारत नाही. फक्त हे वाचताना डोक्याकडे गेलेला तो हात आधी खाली घ्या. कुणीतरी बघेल.