माळ्यावरचं म्हातारं चितळ

सुलतानाबाईंच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, असं वामनराव खोब्रागडे कधीच कबूल करत नसत. त्यांच्या मते उत्तर तयार होत होतं! चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवरची गर्दी पांगली त्या आठवड्यात पत्र आलं. मग धान पिवळं पडलं, बायकोने, कांताबाईंनी, पेटीतून चादरी काढल्या, इरई धरणाच्या पाण्यावर सकाळी धुकं बसू लागलं, तरी उत्तर आपलं तयारच होत होतं.

पत्र तसं चार ओळींचं. सुलतानाबाई या चंद्रपुरातल्या एका शाळेच्या निवृत्त संगीतशिक्षिका. दर रविवारी त्या रेकॉर्डरचा वर्ग घेत. रेकॉर्डर म्हणजे विलायतेकडची जुनी, सरळ धरायची बासरी. टोक शिट्टीसारखं, पुढे सात भोकं, मागे अंगठ्यासाठी एक. वर्गात एक दातांचे डॉक्टर, रेल्वेतल्या एक बाई आणि काही शाळकरी मुलं. लहानमोठ्या रेकॉर्डरांवर ही मंडळी चारपाचशे वर्षांपूर्वीच्या नाचाच्या चाली चार आवाजांत वाजवत. आणि अगदी शेवटच्या खुर्चीवर, खांबाच्या आडोशाला, मोहर्लीहून एसटीने आलेले वामनराव! आयुष्यभर कॉलेजात ग्रंथपाल, आणि कुणीच न नेलेली पुस्तकं वाचण्याची खोड. अशाच एका पुस्तकातून या वाद्याने त्यांना धरलं ते सोडलं नाही.

"खोब्रागडे सर," बाईंनी लिहिलं होतं, "आपली बोटं फार सुंदर चालतात. मी केव्हाची पाहते आहे. पण सर, आपण फुंकत नाही! आमच्या कार्यक्रमात वरच्या आवाजाची जागा रिकामी आहे. आपण याल का? या वेळी फुंकायचं."

वाचताना वामनरावांच्या कानाच्या पाळ्या पळसासारख्या लाल झाल्या. खरंच होतं ते. ते नुसती बोटं चालवत. चौफेर सूर उठत, आणि त्यांच्या मधोमध बसून वामनराव कुठल्या तरी दूरच्या दरबारात निघून जात. तिथे मेणबत्त्या असत, झुळझुळीत झगे असत, आणि कोपऱ्यात एक लाजरा वादक असे, ज्याच्याकडे कुणीच बघत नसे. इतक्या सुखात स्वतःचा श्वास कशाला मिसळायचा? बिघडलं म्हणजे?

पण पत्राने त्यांना चढवलं. "एकदा तो वरचा स्वर लागू दे," ते आरशातल्या वामनरावांना ठणकावून म्हणाले, "मग असं उत्तर धाडतो की बाई बघतच राहतील!"

वरचा स्वर ही मोठी नाजूक बाब. मागच्या भोकावरचा अंगठा नखभर सरकवायचा. नखभरच! जास्त सरकला की स्वर फाटतो. वामनरावांचा रोज फाटत असे. "क्यांव!" मांजराची शेपटी पाटाखाली सापडावी तसा.

घरी सराव अशक्य. निवृत्तीनंतर ते मोहर्लीला, कांताबाईंच्या माहेरगावी येऊन राहिले होते. कांताबाईंची अंगणात खानावळ. ताडोबाच्या जंगलात उघड्या जीपगाड्यांतून पर्यटक नेणारे जिप्सीवाले आणि गाईड तिथे जेवत. अशा ठिकाणी क्यांव करायचं म्हणजे अब्रू पंगतीला वाढायची! म्हणून त्यांनी मेव्हण्याच्या, देवाजीच्या धानातला राखणीचा माळा गाठला. देवाजी रात्रभर माळ्यावर बसून डुकरं हाके आणि उजाडता घरी येई. मग वामनराव मफलर गुंडाळून, काखेत रेकॉर्डर लपवून तिकडे जात. "पाय मोकळे करून येतो," एवढंच सांगत.

काय त्या सकाळी होत्या! माळ्यावर चढलं की खाली जग नसेच. नुसतं धुकं, आणि त्यात तरंगणारे धानाचे शेंडे. पाण्याच्या बाजूने बदकांची कुजबुज येई. वामनराव डोळे मिटत, पहिली ओळ वाजवत, आणि दरबारातला तो लाजरा वादक त्यांच्या शेजारी येऊन बसे. दोघं मिळून वर वर चढत. आणि टोकाला पोचले रे पोचले की... क्यांव! वादक पळे, मेणबत्त्या विझत.

आता वामनरावांना एक गोष्ट ठाऊक नव्हती. बफरमधला, म्हणजे राखीव जंगलाभोवतीच्या पट्ट्यातला, सफारीचा रस्ता देवाजीच्या बांदीच्या, त्या धानाच्या शेताच्या, मागूनच जात होता. आणि वाघ दिसला की चितळ जे ओरडतं, ज्याला गाईड लोक 'कॉल' म्हणतात, ते हुबेहूब असंच ओरडतं.

पहिल्यांदा हे कळलं ते दुपारच्या पंगतीत. वामनराव कोपऱ्यात वरणभात खात होते.

"सकाळी कॉल आयकला काय, इब्राहीमभाई?" करिश्मा विचारत होती. करिश्मा ही गाईडांतली सगळ्यात तरुण. तिच्या कानावर जिप्सीवाल्यांचा एवढा भरवसा, की तिने बोट केलं की गाडी वळायची.

"आयकला ना! धुक्यातून आला," जिप्सीवाले इब्राहीमभाई म्हणाले. "देवाजीच्या बांदीकडून. पक्का वाघ आहे तिथी!"

"वाघ असनच. पण चितळ काही तरी येगळंच आहे." करिश्माने घास थांबवला, डोळे बारीक केले. "म्हातारं आहे ते. नर. त्याले दम पुरत नाई."

वामनरावांच्या हातातला भाताचा घास ताटात पडला. एवढं अचूक निदान त्यांच्या डॉक्टरनेही केलं नव्हतं!

तेव्हाच तोंड उघडलं असतं तर गोष्ट तिथेच आटोपती. पण वामनराव म्हणजे वामनराव. 'आत्ता जेवताहेत बिचारे, नंतर सांगू,' असा विचार करून ते ताक प्यायले. खरं म्हणजे मनातून जरा सुखावलेही होते. इतक्या दूरवर पोचतो तर आपला आवाज!

दुसऱ्या दिवशी त्यांनी फुंक जपून मारली. तरी क्यांव झालंच, आणि रस्त्यावर जिप्सींची रांग लागली. तिसऱ्या दिवशी तर वामनराव वाजवत होते हळू, आणि रस्त्यावरचे पर्यटक बसले होते त्याहून हळू, श्वास रोखून, कॅमेरे रोखून. इतके चांगले श्रोते कुणा वादकाला मिळाले नसतील! धुकं मधे होतं म्हणून कुणालाच कुणी दिसलं नाही.

मग गावात वाघीण शिरली. म्हणजे गप्पांमधून. सकाळी तिच्यासोबत पिल्लं नव्हती, संध्याकाळपर्यंत झाली. बाया सरपणाला जाईनात. कापणीचे मजूर देवाजीला म्हणाले, "धान तुमचं, जीव आमचा," आणि घरी बसले.

"भाऊजी, तुमी सकाळी फिराले जाऊ नका," देवाजी येऊन हात जोडून म्हणाला. "त्या माळ्याखाली वाघीण बसते."

"ती... तशी काही करणार नाही," वामनराव पुटपुटले.

"तुमाले सांगून गेली काय?" कांताबाई कडाडल्या. "उद्यापासून घराबाहेर पाय टाकाचा नाई!"

अशा रीतीने वामनरावांच्याच भीतीने वामनराव घरात कोंडले गेले. आणि वाघीण एकाएकी गप्प झाली.

इथवर सगळं हसण्यावारी जातं. पण पुढे जे झालं ते वामनरावांना हसण्यावारी नेता येईना. वाघ काही कुणाला दिसला नाही. पर्यटक चिडले. दिवसांमागून दिवस गाड्या बांदीमागे उभ्या ठेवल्या, तेवढ्यात दुसरीकडे वाघ रस्ता ओलांडून गेला! जिप्सीवाल्यांनी सगळा राग काढला तो करिश्मावर.

"करिश्मा, कान साफ करून घे वो!" पंगतीत एक जण म्हणाला.

"म्हातारं चितळ म्हणे! जलमपत्री पाह्यली काय त्याची?"

"आता मजाक नाई," इब्राहीमभाई म्हणाले. माणूस भला, पण सकाळी पर्यटकांच्या शिव्या खाऊन आलेला. "उद्यापासून हिच्या म्हणण्यावर मी गाडी वळवणार नाई. बस्स."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. करिश्माने ताट बाजूला सारलं. दोन्ही हातांनी कान झाकून बसली, जणू त्या कानांवरचा तिचाही विश्वास उडाला होता. गाईडच्या शब्दावर गाडी वळली नाही तर तो गाईड कसला? अंगणातल्या मोहाच्या झाडाखाली बसलेली ती मुलगी वामनरावांना खांबाआडच्या शेवटच्या खुर्चीवर बसल्यासारखी दिसली.

ते उठले. घरात गेले. रेकॉर्डर घेऊन बाहेर आले, आणि उभे राहिले. बराच वेळ कुणी बघितलंच नाही. वामनराव उभे आहेत की दोरीवर सदरा वाळतोय, यात खानावळीत कुणी फार फरक करत नसे.

"ते चितळ..." वामनराव म्हणाले, "ते मी आहे."

पंगत थांबली.

"अजी, बरं वाटत नाई काय?" कांताबाईंनी कपाळाला हात लावून पाहिला.

"मी हे वाजवतो. माळ्यावर. ते फाटतं, म्हणून तसा आवाज येतो. करिश्माने बरोबर ऐकलं. चूक माझी आहे."

"काकाजी, राहू द्या," करिश्मा हळूच म्हणाली. "माह्यासाठी झूट नका बोलू."

"वाजवून दाखवा मग, वामनभाऊ!" इब्राहीमभाई म्हणाले.

झालं! ज्या क्षणाच्या धास्तीने एवढे दिवस पत्र उशीखाली दडवलं, तो क्षण वरणाच्या वासासकट समोर उभा! भीतीने वामनरावांचा अंगठा गोठून नेमका नखभर सरकलेल्या जागी अडकला. त्यांनी डोळे मिटले आणि फुंकलं.

पहिली ओळ निघाली. वर चढली. टोकाला पोचली, आणि तो स्वर लागला! स्वच्छ, गोल, पहाटेच्या पाण्यासारखा. मोहाच्या फांद्यांतून तो वर गेला आणि तिथेच जरा वेळ तरंगत राहिला. वाढता वाढता कांताबाईंचा डाव हवेत थांबला. वामनराव दरबारात होते. मेणबत्त्या जळत होत्या, आणि सगळे जण वळून त्या कोपऱ्याकडे बघत होते.

"वा भाऊ वा!" टाळ्या पडल्या.

वामनरावांनी घाबरून डोळे उघडले. "नाही, नाही! हे बरोबर वाजलं!"

"तेच तं म्हणून राह्यलो, मस्त वाजलं!"

"पण ते चूक वाजायला पाहिजे होतं!"

"काकाजी," करिश्मा काकुळतीने म्हणाली, "एक डाव बिघडवून दाखवा ना!"

वामनरावांनी पुन्हा वाजवलं. पुन्हा अगदी निर्दोष! तिसऱ्यांदा तर वर्गातले डॉक्टर आणि रेल्वेच्या बाई रडल्या असत्या इतकं गोड. आयुष्यभर जी गोष्ट नको तेव्हा हमखास बिघडली, ती हवी तेव्हा बिघडेना! इब्राहीमभाईंनी त्यांच्या पाठीवर थोपटलं, "तुमी लय भले माणूस आहा भाऊ, पोरीसाठी केलं, समजलं आमाले," आणि ते पुन्हा भाताकडे वळले. करिश्मा पाणी प्यायला उठली, डोळे पुसत.

वामनराव ओट्यावर बसले. हरले. आता कुणी ऐकत नव्हतं, कुणी बघत नव्हतं. भीती गेली होती, आणि तिच्या जागी नुसती उदासी उरली होती. हातातली वस्तू ओठाला लागली ती सवयीने. अंगठा सैल पडला. घसरला.

"क्यांव!"

पुढचं सगळं कुणी ठरवून केलं नाही. हात खरकटे, तोंडात घास, पण जिप्सीवाले उडाले! ताटं लवंडली, चपला राहिल्या, इंजिनं धडाधडा सुरू झाली. दोन गाड्या तर अंगणाच्या दारात एकमेकींना अडकल्या. इब्राहीमभाई पापड दातांत धरून स्टेअरिंगवर होते.

"कुठी? कुठी?" ते पापडासकट ओरडले.

मग हळूहळू एकेक मान वळली. ओट्यावर वामनराव बसले होते, रेकॉर्डर ओठाशी, गुन्हेगारासारखे.

पहिली हसली ती करिश्मा. हसता हसता खाली बसली. "म्हटलं नव्हतं?" तिने इब्राहीमभाईंकडे बोट केलं. "म्हातारं! नर! दम पुरत नाई! अजून काय सांगाले पाहिजे होतं, नाव?"

इब्राहीमभाईंनी इंजिन बंद केलं, पापड खाऊन संपवला, आणि सगळ्यांसमोर स्वतःचे कान धरले. "उद्या पहिली गाडी तुझी, करिश्मा. तू म्हणशील तिथी वळवतो." देवाजी मात्र हसला नाही. तो सरळ मजुरांच्या घराकडे धावला. धान उभं होतं त्याचं.

संध्याकाळी वामनरावांनी कागद घेतला. भूमिका मांडणारा पहिला मसुदा फाडला. क्षमा मागणारा दुसरा फाडला. मग लिहिलं: "सुलतानाबाई, वरचा स्वर लागला. साक्षीदार पुष्कळ आहेत. कार्यक्रमाला येतो. ता. क.: मी पुरेसा घाबरलेला असेन तरच बरं वाजतं. कृपया तशी व्यवस्था असावी."

"ते मी पाहतो," खांद्यावरून वाचत कांताबाई म्हणाल्या. "समोरच्या खुर्चीत बसतो ना."

सकाळी दोघं टपालपेटीशी गेले. वामनरावांनी पाकीट फटीत अर्धं सरकवलं आणि तिथेच थांबले. धुक्यात पेटी लालसर, अंधूक, स्वप्नातली वाटत होती.

"बाईचा नंबर होता नं पत्राच्या शेवटी," कांताबाई म्हणाल्या. "फोन काऊन नाई केला एवढ्या दिवसांत?"

"फोनवर लगेच उत्तर द्यावं लागतं," वामनराव म्हणाले. बोटं पाकिटाला तशीच चिकटलेली. "विचार करतो, उद्या टाकलं तर..."

कांताबाईंनी त्या बोटांवर एक चापट मारली.

पाकीट आत पडलं.