तोंडचं पाणी

यंदा जीवरसायनच्या लॅबला येणाऱ्यांनो, बिनधास्त या! तिथे काय काय होतं ते मला विचारा. अख्खं प्रॅक्टिकल मला तोंडपाठ आहे. तोंड हीच माझी जमेची बाजू, म्हणून वर्गात मला 'रेडिओ' म्हणतात. माझी जोडीदारीण 'मुनी'. वर्षभरात ती चार वाक्यं बोलली, त्यातली तीन नुसती 'हो'.

वार्षिक परीक्षेत मला लाळेचा प्रयोग आला. आपली लाळ नळीत द्यायची आणि स्टार्चमध्ये मिसळायची. लाळेतलं एन्झाइम स्टार्च पचवतं, मग आयोडीनचा थेंब टाकला तरी निळा रंग येत नाही. एवढंच! नापास झालं तर मात्र लॅबचं अख्खं वर्ष पुन्हा.

"मॅडम, नळी कसली देताय, बादली द्या!" मी म्हणाले.

मॅडम चष्म्यातून रोखून बघत समोर उभ्या राहिल्या आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. अक्षरशः! जीभ टाळूला चिकटली. पाच मिनिटं झाली तरी नळी कोरडी ठणठणीत!

"काय गं रेडिओ, सेल संपले?" मॅडमनी विचारलं.

मुनीने मला व्हरांड्यात ओढलं आणि एक आंबट गोळी पुढे केली. मी तिच्या पिशवीतल्या चार तोंडात कोंबल्या. काय सांगू, नळच सुटला! नळी भरून मी ऐटीत प्रयोग लावला.

वीस मिनिटांनी आयोडीन टाकलं. निळं! पुन्हा टाकलं. आणखी निळं! गेलं वर्ष! घरी आईला काय सांगू?

"ही लाळ आहे की नळाचं पाणी?" मॅडमनी विचारलं.

तेवढ्यात मुनीला वाचा फुटली. "मॅडम, हिने आंबट गोळ्या खाल्ल्यात."

वर्षाचं पाचवं वाक्य, आणि ते नेमकं हे!

"अस्सं! मग निळा रंग का आला ते सांग. बरोबर सांगितलंस तर पास."

बोलायचं? एवढंच ना? मी सुटलेच! आम्लाने एन्झाइम कसं बिघडतं, त्याचा आकार कसा बदलतो, मग स्टार्च कसा तसाच उरतो... दहा मिनिटांनी मॅडमनी हात वर केला, चष्मा काढला आणि रुमालाने दोन्ही काचा पुसल्या.

"पुरे, बाई, पुरे! आता आलं होय तोंडाला पाणी!"

पास झाले! इतका आनंद झाला की मुनीला तिथेच मिठी मारली. वहीवर मॅडमचा शेरा होता : 'माहिती उत्तम. नमुना अवघड.'

"नमुना म्हणजे माझी लाळ, की मी गं?" मी मुनीला विचारलं.

मुनी म्हणाली, "हो."