वाऱ्याच्या कोठीची आणि उघड्या घरांची हकीकत

श्री. वायुदेवतेस नमन, तिचा कोप ज्यांवर होतो त्यांस नमन, आणि त्या कोपाचा निवाडा करणे ज्यांच्या कपाळी आले त्यांसही नमन. शके सतराशे चार, शुभकृत् नाम संवत्सर. नावाबाहेर त्यात शुभ काही आढळले नाही. त्या सालचे वर्तमान ऐसे जे,

समुद्रकाठी एक राज्य होते. दर दोनचार सालांनी समुद्रावरून वारा उठे आणि घरांची छपरे घेऊन जाई, आणि रयत उघडी पडे, आणि सावकार तर किनाऱ्याच्या घरास हमी देण्याचे नाव काढीत ना. म्हणून थोरल्या महाराजांनी उदार होऊन वाऱ्याची कोठी स्थापिली. घरटी वर्षाची पट्टी द्यावी, आणि वाऱ्याने घर मोडल्यास कोठीने बांधून द्यावे, समुद्राच्या पाण्याने मोडल्यास ज्याचे त्याने पाहावे, ऐसे ठरले. मग कोठीवर सभा नेमिली. चार मानकरी घाटावरचे, चार किनाऱ्याचे, आणि मध्ये सरकारातून एक सभानायक. ते बहुधा डोळे मिटून असत. घाटावरच्यांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता, आणि किनाऱ्याच्यांस घाटावरच्यांचे तोंड पाहवत नव्हते. परस्परांवर विश्वास नाही म्हणून नियम केला की, मोडले घर दोहींकडच्या पंचांनी एके वेळी, एके जागी उभे राहून, वाऱ्याने टाकिले तैसेच पाहावे. तोवर घरधन्याने काडीस हात लावू नये, लाविल्यास हक्क बुडाला. कागदावर नियम मोठा शहाणा दिसला.

या कोठीचे कारभारी चिंतो महादेव. मनुष्य सरळ, गुडघ्यांनी अधू, आणि सभेची भांडणे ऐकून ऐकून जिवास विटलेले. त्यांनी सभेपुढे ठेविलेले काम म्हणजे नकटीच्या लग्नास सत्राशे विघ्ने. तरी रोज पागोटे बांधून कोठीवर जात, कारण आपण न गेलो तर कोणीच जाणार नाही हे त्यांस पक्के ठाऊक होते.

मग आश्विनात वारा सुटला आणि कांदळखाडीचे अवघे बंदर बोडके करून गेला. चिंतोपंत पालखीची वाट न पाहता चिखल तुडवीत तेथे पोहोचले आणि दारोदार हात जोडून म्हणाले, "चार दिवस कळ काढा. काही हलवू नका. पंच येतात, मग कोठी घर बांधून देईल." आणि लोकांनी ऐकिले, नियमास कोण विचारतो, पंतांचा शब्द म्हणून ऐकिले. परतीचा पाऊस रोज दुपारून येई, आणि लोक घरात असून उघड्यावर बसत, आणि छपरावर घालावयाची नारळीच्या चुडतांची विणलेली झापे अंगणात पडून राहत.

इकडे सभा भरली. घाटावरचे संताजीराव हिवरेकर बोलिले, "घरे आतून भिजली आहेत ऐसे कळते. भिजली ती पाण्याने गेली. कोठीचा संबंध नाही."

किनाऱ्याचे विठोजी खोत उसळून बोलिले, "अहो, छप्पर उडालं म्हणून पाऊस आत आला! तुमचं पागोटं काढून तुम्हांस पावसात उभं केलं, तर टाळू भिजेल की नाही?"

"आमच्या पागोट्यास हात घालता?" म्हणून संताजीराव उठले, आणि तो दिवस पागोट्यात गेला. पुढल्या बैठकीस पंचांच्या डोल्या निघावयाच्या, तो कोणाची डोली पुढे यावर तंटा लागला, आणि तोही दिवस गेला. मग चिंतोपंत उभे राहून म्हणाले, "लोक उघड्यावर आहेत. आधी पंच धाडा. भांडण मागाहून करा, ते कोठे पळून जात नाही." तेव्हा सभानायकांनी डोळे उघडिले आणि आज्ञा केली, "कारभारी योग्य बोलतात. सबब हा विषय पुढील बैठकीत प्रथम घ्यावा." आणि डोळे मिटिले.

चिंतोपंत पुन्हा कांदळखाडीस गेले. तेथे भागू गाबितीण, तिची सून नुकती बाळंत. भिंतीच्या कोपऱ्यात शिडाचे फडके अंगावर धरून ती पोरास घेऊन बसली होती. भागू म्हणाली, "पंतानू, तुमी सांगलात म्हणान आमी काडयेक हात लावूक नाय. पॉर रातभर खोकता. आता काय करू ता सांगा."

चिंतोपंतांस मोठी लाज वाटली. सभा, नियम, पंच, यातले एकही नाव त्या पोरापुढे उच्चारवेना. मग त्यांनी धोतर खोचिले आणि झापे मागितली, आणि त्या गुडघ्यांनिशी वाशांवर चढले, आणि भागू खालून झापे देत गेली आणि ते बांधीत गेले, आणि सांजेस घर झाकले. पोर निजले. भागूचा हक्क बुडाला, हे तिला कळले होते आणि पंतांसही.

ही खबर सभेस लागली. कारभाऱ्याने स्वहस्ते पुरावा नाहीसा केला, सबब त्यास बडतर्फ करावे, ऐसा ठराव संताजीरावांनी मांडिला आणि विठोजी खोतांनी उचलून धरिला. वाद नाही, तहकुबी नाही. आठही हात एके वेळी वर गेले, आणि सभानायकांचे डोळे चांगले उघडे होते. कोठी स्थापिल्यापासून एकमताने जाहलेला हा पहिला ठराव. आणि आता व्यवस्था पाहावयास कारभारी नाही, म्हणून पंच दिवाळीनंतर धाडावे, ऐसेही त्याच बैठकीत ठरले.

कारभार गेल्याचे चिंतोपंतांस दुःख जाहले नाही. खरे सांगावे तर पाठ हलकी वाटली. परंतु भागूचे एक घर वगळता बाकी वाडी अजून त्यांच्याच शब्दावर उघडी होती. म्हणून ते तसेच निघाले आणि राघू तांडेलाच्या घरी पोहोचले. घरात घोटाभर पाणी. राघूने त्यांस पाट दिला आणि म्हणाला, "बसा, पंतानू."

"बसत नाही. छप्पर घाल, राघू. पंच इतक्यात येत नाहीत. कारभार माझ्याकडे राहिला नाही. माझा शब्द मी मागे घेतो. साऱ्या वाडीस सांग, झाका."

राघूने वर पाहिले, मग पंतांकडे पाहिले. रागाने नव्हे, राग करण्याचेही त्राण त्यात नव्हते. म्हणाला, "हात लावू नुको, असा सांगलात तेवा तुमी कारभारी होतात. ता आमी आयकला. आता हात लाव म्हणतात. मग कोठी घर बांदून देतली काय? आता तुमी कोण?"

चिंतोपंत पुढल्या दारी गेले, तेथेही लोकांनी हेच विचारिले, आणि त्याच्या पुढल्या दारीही.

येणेप्रमाणे घडले. वाऱ्याने छपरे नेली ती एका झपाट्यात. घरे उघडी राहिली ती मात्र नियमाने, आणि एका भल्या माणसाच्या शब्दावर लोकांनी विश्वास ठेविला त्याने. ऐकिले तैसे लिहिले. वाढविले काही नाही. कमी करावेसे पुष्कळ वाटले.