वर चढू नये म्हणून

द्राक्षाच्या पानांत हात घालताच संतोषच्या बोटाला काहीतरी टोचलं, आणि त्याच क्षणी खाली पाचोळ्यात सळसळलं. बोटावर रक्ताचा बारीक थेंब आला. रविवारी दोन घड खायला म्हणून तो बायकोबरोबर नाशिकहून पिंपळगावला सासुरवाडीला आला होता, मरायला नव्हे.

सासरे पुंजा धावत आले. वेल बांधायची सुतळी त्यांच्या खांद्यावरच होती. त्यांनी जावयाच्या मनगटाला करकचून गाठ मारली. "विष वर चढाया नको. घाबरू नका पाव्हणं."

टेम्पो दवाखान्याकडे निघाला. हायवेवर कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग.

"मामा, बोटं बधिर झालीत," संतोष म्हणाला.

"भिनाया लागलं." पुंजांनी टेम्पो कडेला घेतला आणि कोपराखाली दुसरी गाठ मारली.

"भिनतं म्हणजे पसरतंच ना, अण्णा?" तेजस्विनीने वडिलांना विचारलं.

"पसरणं येगळं. फरशीवर पाणी पसरतं, पुसलं की गेलं. वातीत तेल भिनतं, ते पिळलं तरी निघत नाय. अन् गुपचूप भिनतं. ज्याच्यात भिनतं त्याला कळत बी नाय."

"मला कळतंय," संतोष म्हणाला. हात काळ्या द्राक्षासारखा झाला होता.

तिसरी गाठ दंडावर बसली. मग खांद्यापासून खाली हात आपला आहे असं त्याला वाटेना. त्याने डोळे मिटले. "तेजू, माझ्या फोनचा पॅटर्न उलटा एल आहे."

"लग्नाला आठ वर्षं झाली, आत्ता सांगताय?" म्हणत ती रडायला लागली.

डॉक्टर बाईंनी आधी तिन्ही सुतळ्या कापल्या. "साप पाहिला?"

"नाही. ऐकला."

हातात मुंग्या आल्या, मग हळूहळू रंग परतला. बाईंनी बोट भिंगाखाली धरलं. "दाताची खूण नाही. सरळ ओरखडा आहे, त्यात गंज. मांडवाची तार लागलीय. पाचोळ्यात सरडा असेल. हात काळा पडला तो या गाठींनी. साप चावला तरी असं आवळायचं नसतं, काका."

पुंजांनी खांद्यावरची उरलेली सुतळी काढून पाठीमागे धरली.

बाईंनी दंडात धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. "थोडा वेळ बसा. औषध हळूहळू अंगात भिनेल."

संतोषचा चेहरा उतरला. बाई हात धुवायला वळल्यावर त्याने सासऱ्यांची बाही ओढली.

"मामा, उरलेली सुतळी कुठंय?"