करपट झुरका

"परत करपट," क्वांग देशौ म्हणाला आणि त्याने ई-सिगारेटची नळी टेबलावर ठेवली.

शेनझेनच्या त्या कारखान्यात तो अकरा वर्षं झुरके ओढून चव सांगत होता. दिवसाला दोनशे झुरके. माणसाच्या नशिबी काय काय काम येईल, सांगता येत नाही. मॅनेजर लूला डॉक्टरने धूर बंद केलेला, त्यामुळे त्याचा सगळा विश्वास तपासणीच्या पडद्यावर.

"पडद्यावर दोनशेवीस अंश दिसतायत. मग करपेल कसं?"

"पडद्याला जीभ नाही साहेब."

लूने कापूस बदलला, अर्क बदलला, तारेची अख्खी रिळं परत पाठवली. तरी करपटच. तीन दिवस माल अडकून पडला. त्यात वसंतोत्सवाच्या, म्हणजे चिनी नववर्षाच्या सुट्टीआधी माणसं कमी करायची होती. एक्कावन्न वर्षांच्या क्वांगला दुसरीकडे कुणी दारातही उभं केलं नसतं, आणि या विचाराने त्याची झोप उडाली होती.

चौथ्या दिवशी तो मोजणीच्या टेबलापाशी गेला. प्रत्येक नळीतल्या अर्क तापवणाऱ्या तारेचा विद्युतरोध ती थंड असताना तिथे एकदा मोजत. त्या आकड्यावरून आतली चिप पुढे तार किती तापली ते ठरवते. हे काम पेंग श्योलानकडे. क्वांग सहज खाली वाकला, तर टेबलाखाली विजेची शेगडी. ती कुणाला दिसू नये म्हणून बाईने नळ्यांचे ट्रे तिच्यासमोर उभे रचलेले.

क्वांगच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. शेगडीपुढे कोमट झालेल्या तारेला चिप थंड समजत होती आणि पुढे तेवढी जादा तापवत होती. पडदा आपला बिचारा दोनशेवीसच म्हणत होता.

"पेंगताई, ही इथे कशाला?"

"हळू बोला हो! या दमट थंडीत गुडघे धरतात माझे. कुणाला सांगू नका, पाया पडते."

शेजारच्या शेडला आग लागल्यापासून शेगडी सापडली की त्याच दिवशी घरी, असा नियम होता. आणि पेंगच्या घरी अंथरुणाला खिळलेला नवरा होता.

"निदान ट्रे तरी लांब ठेवा."

"मग शेगडी दिसेल ना!"

 तरी तो समजावायला गेला, तोच लूची हाक आली.

लूने टेबलावर तीन पेले मांडले होते. पेंगलाही बोलावून घेतलं होतं.

"क्वांग, आज सोक्षमोक्ष लावू. तुझी जीभ शाबूत निघाली, तर बाकी सगळं बदलून झालंय, घोळ मोजणीतच आहे. मग या बाईला आजच्या आज रजा देतो."

पेंगचा चेहरा पांढराफटक पडला. क्वांगने पहिला पेला तोंडाला लावला. जहाल व्हिनेगर. घशापासून कानापर्यंत आग झाली.

"साधं पाणी," तो म्हणाला.

दुसऱ्यात खारट घोट होता, तिसऱ्यात कडूजहर काढा. "पाणी. हेही पाणीच."

"मग डोळे का भरले रे?"

"नोकरी चाललीय साहेब," क्वांग म्हणाला, आणि हे मात्र खोटं नव्हतं.

लूने कपाळावर हात मारून घेतला. मग तो पेंगकडे वळला. "तू वसतिगृहामागे चोरून सिगारेट ओढतेस, ठाऊक आहे मला. उद्यापासून याच्या खुर्चीत बस."

चव बघायच्या खोलीत कारखान्याचाच हीटर होता. मोजणीच्या टेबलावर आलेल्या नव्या बाईचे गुडघे धड होते, तिला शेगडी लागली नाही. साहजिकच दुसऱ्या दिवसापासून एकही नळी करपेना. सगळा दोष क्वांगच्या जिभेचाच होता, यावर कारखान्याचं एकमत झालं. खानावळवाला म्हणाला, "तरीच! माझ्या भाजीला हा कायम नावं ठेवायचा."

शनिवारी क्वांग बॅग घेऊन निघाला. पेंग फाटकापाशी धावत आली आणि तिने घरच्या मोमोंचा डबा त्याच्या हातात कोंबला.

"रागावू नका भाऊ, पण तुम्ही उगाच सगळ्यांना चार दिवस वेठीला धरलंत. गावी गेल्यावर जीभ दाखवून घ्या."

"बघतो."

"आणि जाता जाता एवढं सांगा, करपट ओळखायचं कसं? मला अजून एकही सापडली नाही."

 क्वांगला खरं सांगावंसं फार वाटत होतं. "आता सापडणारही नाही," तो म्हणाला.

"तुमच्या तोंडात साखर पडो," ती आनंदाने बोलून गेली आणि लगेच ओशाळली. ज्याची चवच गेली त्या बिचाऱ्याला असं म्हणायला नको होतं, असं तिला आत जाईपर्यंत वाटत राहिलं.