पर्जन्यमापकाला छप्पर

ही हकिकत कुणालाही खरी वाटणार नाही, याची मी लेखी हमी देतो. हवामान केंद्रात एकतीस वर्षं मी निरीक्षक होतो. तेवढ्या काळात वहीत इतकं खरं लिहिलंय की निवृत्तीनंतर थोडी सूट मिळायला हरकत नव्हती. पण या हकिकतीपुरती ती मी घेतलेली नाही. परवा न्हाव्याच्या खुर्चीत बसून, एका गालाला फेस असताना, ती जशी सांगितली तशीच उतरवतो. बाहेर धो धो चालू होतं. दुकानाचं छप्पर गळत होतं, आणि त्या धारेखाली न्हाव्यानं दाढीचा मग ठेवला होता.

आमच्या केंद्रात पाऊस मोजायची रीत साधी होती. आवारात उघड्यावर एक नरसाळं, त्याखाली बाटली. सकाळी साडेआठला बाटलीतलं पाणी काचेच्या मापात ओतायचं, डोळे बारीक करायचे आणि आकडा वहीत मांडायचा. शंका आली तर खिडकीतून हात बाहेर काढायचा. या रीतीत मानवी हस्तक्षेप फार होतो, असं वरून पत्र आलं. हात तर बाहेर निघतच होता, त्यामुळे आरोप नाकारता येईना.

मग यंत्र आलं. गच्चीवर बसवायचं. एक थेंब पडला तरी त्याला कळणार आणि त्याच क्षणी प्रत्येकाच्या फोनवर संदेश जाणार. साहेबांनी फीत कापली. टाळ्या थांबल्यावर भांडारपाल पुढे झाला. हा माणूस इतका जबाबदार की नवी केरसुणी झिजेल म्हणून ती कुलपात ठेवायचा. त्यानं आधी यंत्राकडे पाहिलं, मग आभाळाकडे.

"साहेब, एवढी किमती वस्तू उघड्यावर? पावसात भिजली तर उत्तर कोण देणार?"

साहेब विचारात पडले. उत्तर द्यायचं म्हटलं की ते नेहमीच विचारात पडत. आठ दिवसांत यंत्रावर पत्र्याचं भक्कम छप्पर उभं राहिलं.

त्यानंतर तीन आठवडे पाऊस कोसळला. रोज साडेआठला संदेश यायचा: 'आकाश निरभ्र. पाऊस शून्य. कपडे वाळत घालण्यास अनुकूल दिवस.' लोकांनी कपडे वाळत घातले. तीन आठवडे तेच कपडे त्याच दोरीवर होते.

केंद्रात ओल्या अंगानं येणाऱ्यांना पत्रं मिळाली: 'निरभ्र आकाशाखाली ओले होण्याचे कारण चोवीस तासांत कळवावे.' मी 'घाम' असं लिहिलं. खुलासा समाधानकारक मानण्यात आला. छत्री उघडणं म्हणजे अधिकृत अंदाजावर जाहीर टीका, असं दुसऱ्या पत्रात होतं, तेव्हा छत्र्याही मिटल्या.

एकविसाव्या दिवशी नियमाप्रमाणे पाणीटंचाई जाहीर झाली. टँकर आला आणि रस्त्यावरच्या पाण्यात रुतला. पोटरीभर पाण्यात माणसं रिकाम्या बादल्या घेऊन रांगेला लागली. बादल्या रांगेतच काठोकाठ भरल्या, पण कुणी हललं नाही. नंबर गेला असता.

इथवर मी हसत होतो. बाविसाव्या दिवशी दुपारी अक्काचा फोन आला. अक्का माझी थोरली बहीण. कालव्याकाठच्या खालच्या गल्लीत राहते, आणि भाऊजी दोन वर्षं अंथरुणाला खिळलेले. मी धावलो. भाऊजींची खाट चार-चार विटांवर चढवलेली, आणि वरच्या विटेला पाणी लागलेलं.

"त्यांना चढावरच्या शाळेत न्यायला हवं रे," अक्का म्हणाली. "पण इशारा आल्याशिवाय शाळेचं कुलूप उघडत नाही. आणि खाट उचलायला चौघं लागतात."

शेजारचे चौघं दारातच होते, गुडघाभर पाण्यात. मी म्हटलं, "चला, हात लावा."

त्यातल्या थोरल्यानं फोन काढून बघितला. "आज निरभ्र आहे, मामा. एवढ्या उन्हात आजारी माणसाला कशाला हलवता?"

तिथून थेट साहेबांकडे गेलो. म्हटलं, "साहेब, ते छप्पर काढा."

"कारण?"

"पाऊस."

साहेबांनी नोंद उघडली. "पाऊस शून्य आहे. नसलेल्या पावसासाठी असलेलं छप्पर पाडलं तर तपासणीत काय सांगू?"

"खिडकी तरी उघडून बघा."

"मागे एकदा उघडली होती," साहेब म्हणाले. "पाणी आत येतं."

मी गच्चीवर गेलो. भांडारपाल छपराखाली स्टूल टाकून बसला होता, कोरड्या फडक्यानं यंत्र पुसत.

"ओल्या हातानं शिवू नका."

"बाबा रे, माझी बहीण पाण्यात आहे."

"मग तिचा अर्ज आणा."

जिन्यात एक रिकामी बादली होती. ती मी छपराबाहेर ठेवली आणि चाळीसपर्यंत आकडे मोजले. बादली भरली. ती उचलून मी यंत्रावर ओतली. थोडं पाणी भांडारपालावर गेलं, ते मात्र चुकून नव्हे.

"भिजलं की हो," तो क्षीण आवाजात म्हणाला आणि स्टुलावर बसून राहिला.

गावभर फोन किंचाळले: 'अतिवृष्टी. बारा सेकंदांत चारशे मिलिमीटर. तातडीने उंचावर जा.'

मी गल्लीत पोचेतो ते चौघं खाट खांद्यावर घेऊन पळत होते. पाचवा भाऊजींवर छत्री धरून. "मामा, अचानकच आला हो पाऊस," थोरला धापा टाकत म्हणाला. शाळेचं कुलूप उघडलं होतं. तिन्हीसांजेला अक्काच्या घरात पाणी खुंट्यांना लागलं, तेव्हा भाऊजी शाळेच्या वरच्या मजल्यावर, बाकं जोडून केलेल्या बिछान्यावर, कोरडे पडून कुरकुरत होते.

यंत्राला अचूकतेचं सन्मानचिन्ह मिळालं. मला नोटीस मिळाली: विनापरवाना पाऊस पाडल्याबद्दल.

"थांबा काका," न्हावी म्हणाला. वस्तरा माझ्या गालावरच होता, म्हणून मी थांबलो. "इथं पकडलं तुम्हाला. साहेब तसले असतील, भांडारपालही असेल. पण गुडघाभर पाण्यात उभा असलेला माणूस फोनमध्ये बघून ठरवेल, पाऊस आहे की नाही? इतकं खुळं कुणी नसतं. साफ थाप आहे."

धारेखालचा मग भरून वाहायला लागला होता. त्यानं तो पायानं सरकवून दुसरा ठेवला, हात झटकून खिशातून फोन काढला आणि माझ्या डोळ्यांसमोर धरला.

"आणि पावसाची थाप मारायची तर निदान पावसाचा दिवस तरी बघायचा, काका. हे बघा. आज कडकडीत ऊन आहे."