क्लच सेट होईस्तोवर

“गाडी हळू चालवणारा माणूस पाहिजे,” असं आमची सून श्रेया म्हणाली, तेव्हा मी बशीतून चहा पीत होतो. बशी खाली ठेवेपर्यंत घरातली सगळी माझ्याकडं बघायला लागली होती.

हळूपणासाठी माझी कुणाला गरज पडेल असं मला कधी वाटलं नव्हतं. गावाकडं, पिशोरला, ट्रॅक्टर चालवायचो तेव्हा मागून बैलगाडीवाले “बाजू द्या” म्हणून ओरडायचे. (हे जरा वाढवून सांगतोय. बैलगाडी एकच होती.) पुढं शहरात येऊन दुधाची गाडी चालवली, तर गिऱ्हाइकं म्हणायची, “आप्पा, निघता दूध घेऊन अन् पोचता दही घेऊन.” अशा माणसाला सुनेनं आपली शर्यतीची गाडी द्यावी, म्हणजे बघा.

श्रेया वाळूजला गिअर बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर आहे. तिनं एक जुनी टर्बो गाडी घेतली होती. टर्बो म्हणजे काय ते तिनं मला दोनदा समजावलं आणि मी आपल्या परीनं समजून घेतलं. चुलीला फुंकणी, तसा इंजिनाला टर्बो. फरक इतकाच की हे इंजिन स्वतःच्याच धुराच्या जोरावर स्वतःला फुंकर मारतं. श्रेयानं ही फुंकणी मोठी केली. इंजिनाला जोर चढला, पण क्लच मात्र जुनाच राहिला. मागच्या शर्यतीत तिनं पाय दाबला, इंजिन बोंबललं आणि गाडी जागची हलली नाही. क्लच घसरला होता. गाडी ढकलत बाहेर काढली. ढकलणाऱ्यांत मीही होतो, म्हणून जास्तच वेळ लागला.

माझा मुलगा सुदर्शन पैठणला बँकेत असतो, शनिवारी एसटीनं घरी येतो. त्यानं सांगून टाकलं, “श्रेया, आणखी एक शर्यत. या वेळी नाही धावली तर गाडी विकायची.”

ती “बरं” म्हणाली आणि गाडीवरून हात फिरवायला लागली. बाजारात बैल नेणाऱ्या माणसाचं तोंड मी पुष्कळदा बघितलंय. तिचं तसंच झालं होतं.

मग नवा क्लच आणि नवं फ्लायव्हील आलं. ते बसवायला तिनं मिस्त्री बोलावला नाही. आमच्या पदमपुऱ्याच्या घराच्या अंगणात, पापड वाळत घालायच्या जागेवर, तिनं गाडी चढवली, खाली शिरली आणि गिअरबॉक्स असा अलगद उतरवला की बघत राहावं. मी स्टुलावर बसून बघतच राहिलो. एवढीशी पोरगी, कोपरापर्यंत काळी, कपाळावर ग्रीसचं बोट उमटलेलं. तिच्या बापानं लग्नात सांगितलं होतं, “पोरीला स्वयंपाक जेमतेम येतो.” यातलं काही येतं, हे मात्र माणसानं लपवून ठेवलं.

“अहो, लाटणं कुठंय माझं?” माझी बायको लक्ष्मीबाई आतून ओरडली.

“माझ्याकडं, आई!” गाडीखालून आवाज आला. “क्लच प्लेट मधोमध धरायला लागतं.”

“मग पोळ्या कशानं लाटू?”

“आज भाकरी करू या ना, आई.”

लक्ष्मीबाईनं मुकाट्यानं ज्वारीचं पीठ काढलं. मी म्हटलं असतं तर तेच लाटणं माझ्याकडं वेगळ्या कामाला आलं असतं.

जुनं फ्लायव्हील मला उचलवलं नाही. नवं मात्र मी एका हातानं उचललं आणि घाबरलो. “पोरी, तुला हलका माल दिला की काय?”

“हलकंच पाहिजे, आप्पा. इंजिनाच्या मागं फिरणारं चाक आहे ते.”

मी विचार केला. (थोडा वेळ गेला. ती थांबली. चांगली सून आहे.) “म्हणजे कडबाकुट्टीचं चाक. जड असलं की हात सोडला तरी फिरत राहतं, पण वेग धरायला वेळ लावतं.”

“बरोब्बर! आणि हलकं चाक झटक्यात वेग घेतं.”

“अन् झटक्यात बंदबी पडत असंल?”

ती गाडीखालून बाहेर आली, माझ्याकडं बघितलं आणि हसली. “ते तुम्हाला क्रांती चौकात कळेल.”

कारण नवा क्लच लगेच पळवायचा नसतो. आधी तो सेट व्हावा लागतो. पाचशे किलोमीटर गावातच, सावकाश, थांबत-निघत. श्रेया सकाळीच कंपनीच्या बसनं वाळूजला जाणार, सुदर्शन पैठणला. उरलो मी. “आप्पा, जितकं थांबाल तितकं चांगलं,” एवढंच ती म्हणाली. सगळं पुढचं रामायण या एका वाक्यानं केलं.

पहिल्याच दिवशी क्रांती चौकात गाडी बंद पडली. चालू केली, पुन्हा पडली. क्लच असा कडक की पाय दाबताना मी सीटवरून उठत होतो. मागं शेअर रिक्षावाला फकिरा होता. त्यानं डोकं बाहेर काढलं. “क्या चाचा, गाडी चलारे या कसरत करारे?”

“क्लच सेट करतोय रे!”

“करो, करो. हम शाम कू आते.”

चार दिवसांत पाय बसला. मग अडचण वेगळीच आली. थांबायचं कुठं? सिग्नल किती असणार? तिसऱ्यांदा तोच सिग्नल आला तर पोलीस माझ्याकडं संशयानं बघायला लागला. तेवढ्यात रस्त्याच्या कडेला आमच्या गल्लीतल्या कडूबाईनं हात केला. डोक्यावर पेरूची टोपली, जायचं शहागंजला. मी थांबलो. ती बसली. औरंगपुऱ्यात मेथीवाली दिसली, तिलाही घेतलं. मला वाटलं, देवानंच थांबे पाठवले.

दुसऱ्या दिवशी त्या दोघी वाट बघत उभ्या. तिसऱ्या दिवशी त्यांच्या शेजारणी. आठवड्यात आमची शर्यतीची गाडी पदमपुरा ते शहागंज अशी सुरू झाली. गुलमंडीला उतरा, सिटी चौकात चढा. प्रत्येक थांब्याला क्लच दाबा, सोडा. इतकं सुंदर सेट होत होतं की काय सांगू! टर्बो गाडीला टर्बोची आठवणसुद्धा राहिली नसेल.

फकिरा एक दिवस आडवा आला. “चाचा, हमारे पेट पे पाव देते क्या?”

“अरे, मी भाडं घेत नाय.”

“वोइच तो रोना है!”

श्रेयाला मी हे सांगितलं नव्हतं. तिनं विचारलं नव्हतं. फक्त एकदा दार उघडून तिनं नाक वर केलं. “आप्पा, गाडीत मेथीचा वास कसा येतोय?”

“क्लच नवा हाय ना,” मी म्हणालो.

ती इंजिनिअर आहे. तिनं माझ्याकडं बराच वेळ बघितलं.

शर्यत रविवारी, शेंद्र्याकडच्या एका मोकळ्या मैदानात. खुणा ठेवलेल्या, एका वेळी एक गाडी, प्रत्येकाला एकच फेरी. नंबर पुकारला की सुटायचं, नाही तर बाद. मी, लक्ष्मीबाई आणि सुदर्शन लांब लिंबाखाली बसलो होतो. श्रेया डोक्यावर हेल्मेट घालून रेषेपाशी उभी. बाजूच्या पोरांनी तिची गाडी बघून काहीतरी म्हटलं आणि ती हसली नाही, एवढं मला लांबूनही दिसलं.

तेवढ्यात लाउडस्पीकर खरखरला. “सतरा नंबरच्या गाडीचे आप्पा जिथं असतील तिथून लवकर या!”

‘लवकर’ हे मला जन्मभर लोक म्हणत आलेत. लाउडस्पीकरवरून पहिल्यांदाच कुणी म्हटलं.

सुदर्शन पुढं धावला. मी निघालो. पोचलो तेव्हा (पोचलो, हे महत्त्वाचं) मागच्या सीटवर कडूबाई बसलेली, मांडीवर पेरूची टोपली. रविवारी तिथं गर्दी असते, पेरू खपतील, असं मीच तिला सांगितलं होतं. माल अर्धा राहिला, ऊन वाढलं, ओळखीची गाडी रांगेत दिसली. बाई दार उघडून बसली.

“मावशी, उतरा,” सुदर्शन हात जोडत होता.

“तू कोण उतरवणारा, बाबा? मी रोजची हाय. आप्पाला इचार.”

गाड्या सोडणारा शिट्टीवाला घड्याळ बघत होता. “मॅडम, एक मिनिट. नाहीतर बाद.”

स्टिअरिंगवर बसलेल्या श्रेयानं आरशातून माझ्याकडं बघितलं. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. ती नुसती बघत होती. गाडी विकायची की ठेवायची, ते आता पेरूच्या टोपलीवर येऊन थांबलं होतं.

“कडूबाई, उतर माय. आज ही गाडी शहागंजला जाणार नाय.”

“मग कुठं जाणार?”

“इथंच. गोल फिरून परत इथंच येणार.”

“येड लागलं का काय तुम्हाला?”

समजावायला वेळ नव्हता, आणि माझं समजावणं म्हणजे संध्याकाळच. मी टोपली उचलली आणि लिंबाकडं चालायला लागलो. आपला माल चाललेला बघून कडूबाई एका उडीत खाली आली. “ओ आप्पा! पेरू कुठं चालवले?” तिनं मला चार पावलांत गाठलं, पण मागं गाडीचं दार लागलं होतं.

मग झेंडा पडला.

कशी सुटली म्हणून सांगू! क्लच जरा घसरला नाही. इंजिनाचा वेग एकदम वर गेला आणि त्याच दमात गाडीही गेली, मागं मातीचा लोट. वळणावर श्रेयानं गिअर बदलला, तर नुसता आवाज बदलला, गाडीची मान हलली नाही. टर्बोची शिट्टी ऐकून कडूबाईच्या तोंडाचा आ झाला. माझ्या हातातली टोपली कलली, दोन पेरू पडले, तिला कळलंही नाही. लक्ष्मीबाई उभी राहून ओरडत होती, “आमचं लाटणं हाय त्यात!” (लाटणं घरी होतं. पण भावना बरोबर होती.)

श्रेया गटात दुसरी आली. सुदर्शननं गाडीचे इतके फोटो काढले की विकायचा विषय पुन्हा निघालाच नाही. बक्षीस घेताना श्रेया म्हणाली, “हा क्लच आमच्या आप्पांनी सेट केलाय.” टाळ्या वाजल्या. माझ्या छातीला या वयात शोभणार नाही इतकी फुंकर बसली.

सोमवारी सवयीनं मी पदमपुऱ्याच्या थांब्यावर जाऊन उभा राहिलो, हातात गाडी नसताना. शेजारी कडूबाई, डोक्यावर टोपली. तेवढ्यात आमची गाडी आली. श्रेया ती कारखान्यात मंडळींना दाखवायला घेऊन निघाली होती. मी ऐटीत हात केला.

गाडी सुळ्ळकन निघून गेली.

“बघितलं?” मी कडूबाईला म्हणालो. “सून असून थांबली नाय.”

“थांबंल कशी?” कडूबाई फकिराच्या रिक्षात चढत म्हणाली. “तुमचा हात वर जाईस्तोवर पोरगी नगर नाक्याला पोचली व्हती!”